वगळलेल्या गाड्या

लाखोळीच्या डाळीचे वडे कढईत करपून काळे पडले, तरी खुशबूची नजर मोबाइलवरून उठेना.

“अवो, ध्यान कुठं हाये तुहं?” गुणाबाईनं तिच्या हातातला झारा काढूनच घेतला. “मंडईचे पाव्हणे अंगणात येऊन बसले अन् सरपंचबाई मोबाइलात!”

सासूच्या बोलण्यात राग थोडा आणि सवय जास्त असे, हे खुशबूला नऊ वर्षांत कळून चुकलं होतं. एरवी ती हसून दोन शब्द परत बोलली असती. आज तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चुलीपासून उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

मेसेज ग्रामसेवक सुगतचा होता. ‘मॅडम, उद्या अकरा वाजता साहेब लोक रस्त्याच्या पाहणीसाठी येत आहेत. आदेशाचा मसुदा सोबत जोडला आहे. पाहून घ्या.’

खाली मसुदा होता. मोहटोला फाटा ते नदीघाट या जिल्हा परिषद मार्गावर सकाळी सात ते सायंकाळी सहा या वेळेत सर्व अवजड वाहनांस प्रवेश बंद राहील. इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या ओळीनं घात केला होता. ‘मात्र मोहटोला येथील मच्छीमार सहकारी संस्थेची, तसेच सदर संस्थेने भाडेतत्त्वावर घेतलेली वाहने यातून वगळण्यात येत आहेत.’ आणि शेवटी संदर्भ म्हणून चक्क तिच्याच गावाचं नाव: मोहटोला ग्रामसभा ठराव क्रमांक सात.

‘मात्र’च्या अलीकडचं वाक्य गावाचं होतं. त्यासाठी दोनशे माणसांनी हात वर केले होते. ‘मात्र’च्या पलीकडचं वाक्य त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. आणि मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होता मनिराम मारबते, म्हणजे तिचा स्वतःचा सासरा.

उद्या हा कागद साहेबानं मोठ्यानं वाचला, की गाव काय म्हणणार हे तिला मसुद्याइतकंच स्वच्छ दिसत होतं. म्हणणार, पाहा, बाईनं सगळ्यांच्या गाड्या बंद केल्या आणि आपल्या घरची सोडवून घेतली.

या रस्त्यापायी तिनं एकदा हात पोळून घेतले होते. श्रावणात शाळेतून सायकलनं येणाऱ्या हर्षाच्या पायावरून रेतीचा टिप्पर गेला. आठवीतली पोर, चिंधूची थोरली. टिप्परवाला तुमसरकडचा, तो सापडला, केस उभी राहिली. पण गावाचा जीव काही खाली बसेना. तेव्हा खुशबूनं पंचायतीच्या खर्चानं शाळेच्या अलीकडे लोखंडी कमान ठोकून घेतली, मोठी गाडी खालून जाणारच नाही अशी. दहाव्या दिवशी जिल्हा परिषदेची नोटीस आली. रस्ता परिषदेचा, त्यावर अडथळा उभारण्याचा अधिकार पंचायतीला नाही; कमान काढा आणि खुलासा द्या. जिनं नारळ फोडून कमान उभी केली तिनंच उभं राहून ती कापून घेतली. बांधकाम विभागातल्या एका बऱ्या इंजिनियरनं तेवढं समजावलं होतं. “मॅडम, रस्ता आमचा, गाड्यांचे कागद आरटीओचे आणि बंदीचा हुकूम कलेक्टर साहेबांचा. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, ठराव. पण तो नीट लिहा. वरती तुमचेच शब्द जातात.”

तेच शब्द वर गेले नव्हते.

तिनं सुगतला फोन लावला.

“मॅडम, मी पण आत्ताच वाचलं,” सुगत दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्यामागे मंडईच्या जत्रेचा भोंगा वाजत होता. “वहीत असं काही नाही. वही माह्या कपाटात हाये. मी लिवलं ते दोन ओळीतच संपते.”

“मंग हे कुठून आलं?”

“टाईप करून प्रीतमभाऊनं आणून देलं होतं. खाली तुमची सही होती. मी शिक्का मारला अन् पाठवून देलं.”

“तुमी वहीसंगं ताडून नाही पाह्यलं?”

“तुमची सही होती ना मॅडम,” सुगत म्हणाला.

सही तिचीच होती. ती सकाळ तिला आठवत होती. प्रीतम गाडीला किक मारून उभा, “लवकर कर, साहेब अकराले निघून जातेत,” असं म्हणत होता; आणि तिनं पिठाचा हात झटकून, गाडीच्या सीटवरच कागद ठेवून सही ठोकली होती. नवऱ्यानं आणलेला कागद कोण वाचत बसतं?

“सुगतजी, उद्या वही घेऊन या. अन् आजच्या दिवस हे कोणालेच सांगू नोका. माह्या घरी पण नाही.”

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर तिलाच ते टोचलं.

*

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे मोहटोल्याचा वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. लेकीबाळी, जावई, सोयरे सगळे येतात. जुन्या मालगुजारी काळातल्या मामा तलावाच्या पाळीखालून शाळेपर्यंत दुकानं लागतात; शिंगाडे, ऊस, बांगड्या, फुगे. मधल्या पटांगणात दंडार, म्हणजे गावचं नाचगाण्याचं नाटक, उभी राहते. त्या एका दिवसापुरता रस्ता आपसूक बंद होतो. ना हुकूम, ना शिपाई. माणसंच इतकी की टिप्परवाला फाट्यावरूनच तोंड फिरवतो. लेकरं रस्त्याच्या मधोमध लोळतात आणि आयांना घोर नसतो.

खुशबू सरपंच म्हणून फेरी मारायला निघाली, पण तिचे डोळे दुकानांवर नव्हते. घरातल्या एकेका माणसाला ती मनात उभं करून पाहत होती. प्रीतम? त्याला राजकारण कळत नाही, असं तोच सांगतो. पण तिच्या प्रत्येक कागदाला पाय त्याचेच. मामाजी, म्हणजे सासरे? मच्छी घेऊन जाणारी संस्थेची सहाचाकी गाडी सकाळी आठला याच रस्त्यानं निघते. बंदीचा पहिला फटका तिलाच बसणार होता, आणि ग्रामसभेत मामाजी हात वर न करता पानाला चुना लावत बसले होते. मग ‘भाडेतत्त्वावर घेतलेली’ हे कोणाचं? संस्थेनं आजवर साधी हातगाडी भाड्यानं घेतली नव्हती.

चिंधू शिंगाड्याच्या ढिगाशेजारी बसला होता. तिला पाहून उठला, पण रोजच्यासारखा रामराम घातला नाही.

“बाई, एक विचारू का? राग नोका मानू.”

“विचारा ना.”

“उद्या काही दगाफटका तं नाही ना?”

“काहून असं म्हणता, चिंधूभाऊ?”

“तुमचे लाखनीचे पाव्हणे सकाळी पानठेल्यावर म्हणत होते, बंदी येऊ द्या बिनघोर, आपली गाडी नाही थांबत. आता ते तुमच्या घरचे जवाई. मी गरीब माणूस, मले कायद्यातलं समजत नाही.” त्यानं मान खाली घातली. “पोरगी पाय ओढत शाळेत जाऊन राहिली, तेवढं समजते.”

लाखनीचे पाव्हणे म्हणजे भूपेंद्र, तिच्या नणंदेचा, प्रेरणाचा नवरा. हायवेवर त्याचं टायरचं दुकान, आणि दोन वर्षांपासून दोन टिप्पर. तो नदीच्या घाटावरूनच रेती उचलायचा. त्याच्या कागदांत खोट नव्हती, रॉयल्टी भरायचा, बोलायला गोड होता. खुशबूला आजवर त्याच्यावर राग धरायला कारण सापडलं नव्हतं.

तो दंडारीच्या गोलात पुढेच उभा होता, पांढरा शर्ट, तोंडात पान. तिला पाहून त्यानं खुर्ची पुढे सरकवली.

“या सरपंचबाई! आज तं तुमचंच राज्य.”

“बसत नाही, भाऊजी. एवढंच म्हटलं, उद्या पाहणी हाये. तुमचे टिप्पर दोन-चार दिवस घाटावर नोका आणू. लोकं तापून हायेत.”

“काहून नाही आणू?” तो हसला. “कायदा कागदावर चालते, वहिनी, तापलेल्या डोक्यावर नाही. आदेशात जे वगळलं ते वगळलं.”

“काय वगळलं?”

“संस्थेच्या गाड्या. मच्छीवाल्याईच्या पोटावर पाय नको म्हणून. चांगलंच हाये ना?”

“तुमचे टिप्पर मच्छी नेतेत काय?”

“आता भाडेतत्त्व हा तं सरकारी शब्द हाये. त्याच्यात काय बसते, काय नाही, ते साहेब लोक पाहतीन.”

दंडारीच्या ढोलकीनं जोर धरला होता. खुशबूनं आवाज चढवला नाही. मसुदा येऊन दोन तास झाले नव्हते. तो सुगतनं तिला सोडून कुणाला पाठवला नव्हता. आणि भाडेतत्त्व हा शब्द तिनं उच्चारलासुद्धा नव्हता.

“तुमाले कोणं सांगतलं हे?” ती म्हणाली.

भूपेंद्रचं हसू क्षणभर ओठांवरच थबकलं. मग त्यानं पानाची पिंक बाजूला टाकली. “मले कायले विचारता? घरी विचारा. आपल्या घरधन्याले विचारा.”

*

दुपारी तीनला पंगत बसली. मधल्या खोलीत मनिराम, त्यांच्या उजवीकडे भूपेंद्र, डावीकडे प्रीतम. गुणाबाई वाढत होती. प्रेरणा मच्छीच्या रश्शाचं भांडं घेऊन मागे. दूरचे सोयरे आधीच जेवून मंडईत गेले होते. खुशबूनं दार लोटून घेतलं.

“मामाजी, जेवताना बोलणं बरं नाही. पण उद्या अकराच्या आत बोललंच पाहिजे.” तिनं मोबाइलवरचं वाक्य वाचून दाखवलं. एकदाच, सावकाश. “हे ठरावात कोणं घातलं?”

गुणाबाईनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

“जवाईबापू जेवून राहिले,” गुणाबाई पुटपुटली. “सणाच्या दिवशी कायले काढतेस वो हे?”

“आई, उद्या गाव मले विचारन, तवा सण नसन.”

मनिरामनं घास खाली ठेवला. सत्तरी उलटली तरी त्यांचा आवाज तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जायचा. “म्या घालाले सांगतलं,” ते म्हणाले. “त्याच्यात चोरी कायची? संस्थेत साठ घरं हायेत. आठ वाजता गाडी नाही निघाली तं मच्छी सडते. तू सरपंच झालीस, तुले शाळा दिसली. मले जाळं दिसते.”

“मंग ग्रामसभेत बोलाचं होतं.”

“सुनेच्या विरोधात? दोनशे माणसाईत?” त्यांनी मान हलवली. “म्हणून प्रीतमले म्हटलं, एक ओळ टाक. घरातली गोष्ट घरात.”

खुशबूनं नवऱ्याकडे पाहिलं. प्रीतम ताटाकडे पाहत होता.

“तुमी मले सांगतलं काहून नाही?”

“सांगतलं असतं तं तू नाही म्हटलं असतं.”

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तो खोटं बोलला असता तर तिला रागावता तरी आलं असतं.

“अन् सही?” ती म्हणाली. “किक मारून उभे होते, साहेब निघून जातीन म्हणत होते. ते पण ठरवूनच?”

प्रीतम ताटातल्या भातात बोटानं रेघा ओढू लागला.

“एवढं काय झालं?” मनिराम म्हणाले. “आपली एक गाडी. ड्रायव्हर गावचा, धीरानं चालवते. जग बुडलं का?”

“एक गाडी नाही, मामाजी. ‘भाडेतत्त्वावर घेतलेली’ पण. ते तुमीच सांगतलं?”

“ते कायचं?” मनिरामच्या कपाळावर आठी आली. “म्या संस्थेची गाडी म्हटलं. भाड्याचं म्या नाही म्हटलं. प्रीतम?”

प्रीतमनं पहिल्यांदा मान वर केली, पण बापाकडे नाही, भूपेंद्रकडे. “तुमसरले टाईप करत होतो तवा भाऊजी संगं होते. म्हणाले, संस्थेची गाडी बिघडली तं भाड्याची लागन, तेवढं पण टाकून दे. मले वाटलं बराबर हाये.”

“बराबरच हाये,” भूपेंद्र शांतपणे म्हणाला. त्यानं भात कालवायला घेतला होता. “बिघडली तं? मी भल्यासाठीच सांगतलं. आता वहिनीले माह्यावर शंका घ्याची असन तं घेऊ द्या. जवायाचा मान एवढाच असते या घरात.”

गुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. “असं नोका म्हणू, बापू. खुशबू, माफी माग.”

खुशबू उभीच राहिली. माफी मागायला तिला काही वाटलं नसतं. आजवर कमी मागितल्या होत्या का? पण एकदा मागितली, की ही खोली पुन्हा तिच्या विरोधात एक होणार होती.

तेवढ्यात प्रेरणानं रश्शाचं भांडं खाली ठेवलं.

“आई, माफी कायची?” ती म्हणाली. “दादा, तुमाले माहीत नसन. दोन्ही टिप्परच्या नावानं संस्थेची पत्रं तयार हायेत. वाहन भाड्यानं घेतलं म्हणून. खाली बाबाची सही.”

“प्रेरणा!” भूपेंद्र म्हणाला.

“मी कपाटात पाह्यली. आठ दिवस झाले, मले झोप नाही. म्हटलं बोलू तं सासर जाते, नाही बोलू तं माहेर जाते.”

“माही सही?” मनिराम हळूच म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उतरत गेली. “जवाईबापू, बर्फाच्या कारखान्यात द्याले म्हणून तुमी कोरे कागद नेले होते. चार. सही-शिक्क्याचे.”

“तुमीच देले.”

“हो,” मनिराम म्हणाले. “मीच देले.”

खुशबूला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही. समोर एक म्हातारा माणूस बसला होता, ज्यानं तिच्याचसारखा, घरचा माणूस म्हणून, न विचारता सहीचा कागद देऊन टाकला होता.

भूपेंद्र ताटात हात धुवून उठला. “उद्या उभं राहून सांगा मंग साहेबाले, की सरपंचाचा ठराव खोटा हाये. पाहू कोणाची खुर्ची जाते. मी तं सही नाही केली कायच्यावरच.” दाराशी जाऊन त्यानं बायकोकडे पाहिलं. “येतेस का?”

प्रेरणानं जागा सोडली नाही. गुणाबाईनं आधी लेकीकडे, मग सुनेकडे पाहिलं आणि लेकीसाठी ताट वाढायला घेतलं.

तो गेल्यावर प्रीतम म्हणाला, “खुशबू, त्याचं खरं हाये. उद्या बोललीस तं चौकशी तुहीच लागन. गप्प राहू. आदेश निघू दे. मंग बाबा ती पत्रं रद्द करतीन. गोष्ट तिथंच मिटते.”

“अन् संस्थेची गाडी?”

“ती राहू दे ना. तेवढ्यानं काय होते?”

सकाळपासून पहिल्यांदाच तिला तो नीट दिसला. वाईट माणूस नव्हता. दर वेळी एक ओळ टाकून गोष्ट मिटवणारा माणूस होता. उद्या पुन्हा टाकेल, तिच्या भल्यासाठीच टाकेल, आणि तिला कळणारही नाही. नऊ वर्षांच्या संसारात तिनं किती कागदांवर सह्या केल्या असतील, ते ती मोजू लागली आणि मध्येच थांबली.

*

दुसऱ्या दिवशी अकराला शाळेसमोर तीन गाड्या लागल्या. उपविभागीय अधिकारी, बांधकामचा तोच इंजिनियर, आरटीओचे निरीक्षक, ठाण्याचे जमादार. मंडईची पालं अजून उतरत होती. निम्मं गाव जमलं होतं. चिंधू शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. मनिराम संस्थेच्या चार माणसांसोबत वेगळेच. प्रीतम घरून तिच्यासोबत निघाला नव्हता.

अधिकाऱ्यांनी रस्त्याची रुंदी मोजून घेतली, शाळेचं फाटक पाहिलं आणि मसुदा हातात घेतला. “ग्रामसभेच्या ठरावाप्रमाणेच आहे हे. कुणाची हरकत?”

“माही हाये,” खुशबू म्हणाली.

“तुमची? ठराव तुमच्याच सहीचा आहे, मॅडम.”

“सही माही हाये, शब्द ग्रामसभेचे नाहीत. ‘मात्र’पासून पुढचं कोणी बोललं नव्हतं. मी न वाचता सही केली. मूळ वही इथं हाये.” तिनं सुगतकडे हात केला. सुगतनं वही उघडून दिली.

अधिकाऱ्यांनी वही वाचली, मसुदा वाचला, पुन्हा वही वाचली. लोकांत कुजबुज वाढली. “सासऱ्याची गाडी,” कुणीतरी म्हणालं. कुणीतरी त्याला गप्प केलं.

“हे लेखी द्यावं लागेल,” अधिकारी म्हणाले. “आणि दिलंत, तर चौकशी तुमच्यापासून सुरू होईल. समजतंय ना? ठरावाच्या नकलेत फेरफार म्हणजे लहान गोष्ट नाही.”

“समजते.”

“टाईप कुणी केलं?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, तरी उत्तर ठरलं नव्हतं. नाव घेतलं तर नवरा जातो. न घेतलं तर पुन्हा एक ओळ झाकली जाते. गर्दीतले सगळे डोळे तिच्यावर येऊन बसले.

“म्या,” मागून आवाज आला. प्रीतम कधी आला होता कोण जाणे. अंगात कालचाच सदरा होता. “टाईप म्या केलं. तिले सांगतलं नव्हतं.”

खुशबूनं वळून पाहिलं नाही. शाळेच्या पायरीवर बसून तिनं पेन घेतलं आणि अर्ज लिहायला घेतला. स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर. लिहून झाल्यावर दोनदा वाचला. मग सही केली. प्रीतमनं वेगळ्या कागदावर आपलं निवेदन दिलं. मनिराम जागचे हलले नाहीत. पण अधिकारी गाडीत बसायला निघाले, तेव्हा म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, “साहेब, संस्थेच्या नावानं टिप्परची पत्रं कोणं आणली तं ती खरी समजू नोका. म्या रद्द केली.” संस्थेच्या गाडीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

आदेश पंधरा दिवसांनी निघाला. सकाळी सात ते सायंकाळी सहा, सर्व अवजड वाहने बंद. वगळलेल्यांत रुग्णवाहिका, अग्निशमन आणि एसटी. त्याच आठवड्यात खुशबूच्या नावानं कारणे दाखवा नोटीसही आली. प्रीतमला ठाण्यात दोनदा बोलावून झालं होतं. भूपेंद्रचे टिप्पर पलीकडच्या घाटावर गेले; त्याला काही झालं नाही. प्रेरणा माहेरीच होती. तिच्या नवऱ्याचा फोन आला की गुणाबाई मोबाइल लेकीच्या हातात देऊन बाहेर जाई आणि दाराआड उभी राहून ऐके. प्रीतम आता कागद आणला की नुसता चटईवर ठेवून जायचा. घरात भांडण नव्हतं. पण कुणी दुसऱ्या खोलीत हळू बोललं की बाकीच्यांचे हात थांबायचे.

बंदीचा पहिला दिवस सोमवार होता. बांधकाम विभागानं शाळेच्या अलीकडे नवा फलक रोवला होता आणि ठाण्यानं एक शिपाई दिला होता. बंदीमुळे आता आठऐवजी सातला वीस मिनिटं कमी असताना निघायची ठरलेली संस्थेची गाडी त्या दिवशी निघाली सात वाजून पंचवीस मिनिटांनी. जाळी उशिरा ओढली गेली होती. शिपायानं हात आडवा केला. मनिरामनं पुढच्या सीटवरून सुनेला फोन लावला.

खुशबू चालतच आली. तोपर्यंत सकाळच्या शाळेची पोरं फाटकाशी जमली होती. हर्षा बापाचा हात धरून रस्ता ओलांडायला थांबली होती. चिंधू तिच्याकडे पाहत होता. आणि त्या पाहण्यात विश्वास नव्हता, हे खुशबूला दुरूनही कळलं.

“याले सांग,” मनिराम खाली उतरून म्हणाले. “पंचवीस मिनिटं झाली फक्त. पहिला दिवस हाये. मच्छी भरली हाये, साठ घराईची.”

“मले तो अधिकार नाही, मामाजी. आदेश कलेक्टरचा हाये.”

“तू म्हटलं तं तो सोडन. तुह्याकडेच पाहून राहिला तो.”

ते खरं होतं. शिपाई तिच्याकडेच पाहत होता. तिनं फक्त मान वळवली असती तरी त्यानं हात खाली घेतला असता.

“गाडी मागं घ्या,” ती म्हणाली. “फाट्यावरून बपेऱ्याच्या रस्त्यानं जा.”

“बावीस किलोमीटर जास्त पडते.”

“हो.”

मनिराम तिच्याकडे पाहत राहिले. “त्या दिवशी तू साहेबाले लिहून देलं,” ते सावकाश म्हणाले, “तवा मले वाटलं, हे दाखवाले हाये. आपली गाडी सोडवाले काही ना काही करशीन मागून. म्या वाट पाहून राहिलो होतो.”

“काहीच नाही केलं, मामाजी.”

“आता दिसलं.”

त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि ड्रायव्हरला हाक मारली. “घे गा मागं.” गाडीमागे पोरांची दाटी होती. म्हातारा स्वतः तिच्या मागे जाऊन उभा राहिला; एक हात उंच करून, दुसऱ्यानं पोरांना कडेला सारत, पाऊल पाऊल उलटा चालत. “सरका रे, सरका,” तो म्हणत होता, “गाडी मागं येऊन राहिली.” आणि तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जाणारा तो आवाज, फाट्याचं वळण येईपर्यंत, साऱ्या गावाला ऐकू येत राहिला.